समुद्राचें स्थलांतर

समुद्रांतील प्राणी घरांत बाळगण्याची हौस असणाऱ्यांवर एक प्रसंग हटकून येतो. प्रवाळ वाढतात, जुनी काचेची टाकी अपुरी पडते, आणि सारा संसार थोरल्या टाकींत हलवावा लागतो. नव्या, स्वच्छ, प्रशस्त जागेंत गेलेले प्राणी चार दिवसांत मरूं लागल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. असें कां व्हावें, हें कळण्यास बराच काळ जावा लागला. आणि त्या शोधाची हकीकत एका बाईच्या सुईदोऱ्यापासून सुरू होते.

1846 सालीं श्रीमती ॲना थिन यांनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून जिवंत प्रवाळ लंडनास आणिले. हे उष्ण समुद्रांत खडक रचणारे प्रवाळ नव्हेत. थंड पाण्यांत एकेकटे वाढणारे, पेल्याच्या आकाराचे होत. प्रवासांतील हिसक्यांनीं ते आपटूं नयेत म्हणून बाईंनीं त्यांस सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजावर टांचिलें व समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या बरणींत ठेविलें. लंडनांत पाणी बदलावयास समुद्र कोठला? तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीपुढें रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतावयाचें, असा उपाय त्यांनीं काढिला. ओतण्याचें काम अर्थातच मोलकरणीकडे होतें. तिला त्यांत गंमत वाटे, असें बाई लिहितात. मोलकरणीचें स्वतःचें म्हणणें मात्र आपणांस ठाऊक नाहीं. पुढील वर्षीं त्यांनीं पाण्यांत समुद्रशेवाळहि सोडिलें. प्रवाळ जगले, इतकेंच नव्हे, तर त्यांची वीण झाली. ही हकीकत 1859 सालीं छापली गेली.

तोंवर इतरांनीं नांव मिळविलें होतें. 1850 सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें गोड्या पाण्यांतील आपला प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडिला: वनस्पति प्राणवायु सोडतात, मासे तो घेतात, कुजका पाला गोगलगाई खातात, आणि पाणी न बदलतां सर्वांचा निभाव लागतो. 1853 सालीं रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पुढच्या वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचें ‘द ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि हौसेची लाटच उसळली. समतोलाचा हा सिद्धांत मोठा मोहक, पण अर्धाच खरा. प्राण्यांच्या मलांतून व सडक्या अन्नांतून निघणारा अमोनिया वनस्पति थोडाफार शोषितात, उरलेल्याचें काय?

विल्यम अल्फर्ड लॉइड यानें याला बांधकामाचें उत्तर दिलें. 1871 सालीं क्रिस्टल पॅलेसमध्यें उघडलेल्या मत्स्यालयांत त्यानें दर्शनी हौदांच्या मानानें कित्येक पट मोठें अंधारें टांकें बांधून सारें पाणी पंपानें फिरतें ठेविलें. साठा मोठा, म्हणून घाणीचा परिणाम सावकाश. माझ्या मतें या इतिहासांत लॉइडला मिळावें तितकें श्रेय मिळत नाहीं.

खरा कारभारी मात्र अदृश्य होता. 1877 सालीं श्लोसिंग व म्युंत्स यांनीं दाखविलें कीं अमोनियाचें नायट्रेटमध्यें रूपांतर करणारे सजीवच असतात. 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्की यानें ते जंतु वेगळे करून दाखविले. हे जंतु मोकळ्या पाण्यांत फारसे राहात नाहींत. दगडांच्या छिद्रांत व वाळूच्या कणांवर ते घर करितात. 1961 सालीं जकार्त्याच्या ली चिन एंग यांनीं समुद्रांतून जिवंत दगड आणून त्यांवरच प्रवाळांचा संसार उभारण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, तेव्हां हौशी लोकांस दगडाचें मोल कळूं लागलें.

म्हणून टाकी बदलतांना जुनें पाणी जपून नेलें आणि दगड मात्र नळाखालीं घासून वाळविले, तर अमोनियाचें निवारण करणारेच मारले गेले असें होतें. जुन्या पाण्यानें प्राण्यांस बदल सोसतो, हें खरें. पण दगड भिजलेलेच गेले पाहिजेत. नव्या पाण्याचा खारटपणा व उष्णता आधीं जुळवावी, थोरल्या टाकींत लगेच नवे पाहुणे आणूं नयेत, आणि दिवे अधिक प्रखर असल्यास प्रवाळांस त्यांची संवय हळूहळू लावावी. राहिली तळची वाळू. तिच्या खोल थरांत प्राणवायु नसतो व वर्षानुवर्षांची घाण सांचलेली असते. ती ढवळली कीं कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु सुटतो. बहुतेक अनुभवी लोक ती जुन्या टाकींतच सोडून देतात व नवी वाळू पसरतात.