स्वरांची उसनवारी

विदर्भांतील वाशीम या नगराचें प्राचीन नांव वत्सगुल्म. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा याच नगराच्या नांवानें ओळखला जातो. वाकाटकांच्या एका शाखेची येथें राजधानी होती. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा राजा असून कविहि होता. त्यानें प्राकृतांत रचलेलें 'हरिविजय' काव्य आज उपलब्ध नाहीं. परंतु आनंदवर्धनानें त्याचा नामनिर्देश केला आणि पुढें भोजानें त्यांतील गाथा उदाहरणादाखल घेतल्या. गाथा घेतल्या गेल्या म्हणून काव्याचा कांहीं अंश वांचला. नांव सांगितलें गेलें म्हणून कवि वांचला. दुसऱ्याची कृति घेणें आणि त्याचें नांव सांगणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें येथेंच ध्यानांत येतें.

याच वत्सगुल्माचें वर्णन राजशेखरानें 'काव्यमीमांसा' या ग्रंथांत केलें आहे. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयास असलेला हा पंडित आपलें कुळ महाराष्ट्रीय असल्याचें अभिमानानें सांगतो. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह त्यानें वत्सगुल्मांत लावून दिला आहे. १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून हा ग्रंथ छापून निघाला. त्याचे तीन अध्याय 'हरण' या विषयास, म्हणजे एका कवीनें दुसऱ्याचें कांहीं घेण्यास, वाहिलेले आहेत.

राजशेखर हरणाचे दोन मुख्य भेद करतो: शब्दहरण आणि अर्थहरण. शब्दहरणाचें मापहि तो देतो. कोणी एखादें पद घेतो, कोणी श्लोकाचा चरण, कोणी अर्धा श्लोक, कोणी सबंध श्लोक, तर कोणी संपूर्ण प्रबंधच उचलतो. इतर चोऱ्या काळाच्या ओघांत विसरल्या जातात, पण वाणीची चोरी मुलानातवंडांपर्यंत पाठ सोडीत नाहीं, असें एक कठोर मत तो नमूद करतो. त्याच्या जोडीला आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचें मत मांडण्यासहि तो विसरत नाहीं. हरण करणाऱ्यांच्या सबबी तिनें मोठ्या मार्मिकपणें गोळा केल्या आहेत. मूळ कवि अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहें. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी गोड. त्याच्या भाषेला मान नाहीं, माझ्या भाषेला आहे. हें ज्यांना ठाऊक होतें ते आतां उरले नाहींत. याचा कर्ता दूर देशीं आहे. सुमारें अकराशें वर्षांनंतर अशाच सबबी ध्वनिमुद्रिकांच्या बाबतींत ऐकूं याव्यात, हा योगायोग विलक्षण खरा.

संगीतांत अर्थहरणासारखी गोष्ट म्हणजे चाल घेणें. मराठी रंगभूमि तर उसन्या चालींवरच उभी राहिली. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत कीर्तनांतील, लावणींतील आणि कानडी गीतांतील चाली योजिल्या. १९११ सालीं खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकास गोविंदराव टेंबे यांनीं पूरबी ढंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा बाज दिला. हें सारें उघडपणें होत असे. नाटकाच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' असा शब्द घालून ज्या गीतावरून ती घेतली त्याचा निर्देश करण्याची प्रथाच होती. कोणत्याहि कायद्यानें ती सक्ति केली नव्हती.

परंतु चाल घेतली तरी ती नव्या कंठांतून गावी लागे. १९०२ सालीं लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, त्यानें गौहर जान हिचें गाणें मुद्रित केलें, आणि कंठ गायकापासून वेगळा होऊन तबकडींत राहूं लागला. कायद्यासमोर नवाच प्रश्न उभा राहिला: या तबकडींतील आवाजाचा धनी कोण? १९११ चा ब्रिटिश कायदा १९१४ सालीं कांहीं फेरफारांसह हिंदुस्थानास लागू झाला. त्यानें उत्तर दिलें कीं, मूळ ठशाचा जो मालक तोच तबकडीचा कर्ता समजावा, आणि त्याचा हक्क पन्नास वर्षें राहावा. गाणाऱ्याचें नांव या व्यवस्थेंत कोठेंच नव्हतें.

स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यानेंहि ध्वनिमुद्रिकेचा हक्क निर्मात्याकडेच ठेवला. १९६० नंतरच्या दशकांत लता मंगेशकर यांनीं पार्श्वगायकांना स्वामित्वधनाचा वांटा मिळावा अशी मागणी केली. या प्रश्नावर महंमद रफी यांच्याशीं त्यांचा मतभेद झाला, आणि कांहीं काळ दोघांचीं युगुलगीतें बंद पडलीं. कलावंताचा हक्क कायद्यांत आला तो १९९४ सालीं. तोहि असा कीं, चित्रपटासाठीं एकदां संमति दिली म्हणजे तो हक्क संपला. स्वामित्वधनाच्या वांट्यास कायद्याचा आधार मिळण्यास २०१२ साल उजाडावें लागलें.

दरम्यान हरणाचें साधनच बदललें होतें. १९८० नंतर अशीं यंत्रें प्रचारांत आलीं कीं, जुन्या मुद्रिकेंतील हवा तेवढा ध्वनि कापून, हवा तितक्या वेळां नव्या गीतांत जोडतां येऊं लागला. ही चाल घेणें नव्हे. हें राजशेखराच्या भाषेंत अक्षरशः शब्दहरण. २००२ सालीं अमेरिकेंत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचें 'अॅडिक्टिव्ह' हें गीत गाजलें. त्यांत 'ज्योति' (१९८१) या हिंदी चित्रपटांतील लताबाईंचा आवाज, बप्पी लाहिरी यांच्या चालीसह, जवळजवळ संपूर्ण गीतभर वाजत होता. परवानगी घेतलेली नव्हती, नांवहि दिलेलें नव्हतें. जुन्या ग्रामोफोन कंपनीची वारस सारेगामा आणि स्वतः लाहिरी न्यायालयांत गेले. २००३ च्या आरंभीं लॉस एंजेलिसच्या न्यायालयानें, लाहिरींचें नांव दिल्यावांचून तबकडीची विक्री होऊं नये, असा हुकूम दिला. 'कर्ता दूर देशीं आहे' ही सबब तेथें टिकली नाहीं. मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते. वादांत कंपनी होती, संगीतकार होता. जिचा कंठ उचलला गेला ती गायिका नव्हती. संगीतकाराची कृति आणि निर्मात्याची तबकडी यांना कायदा ओळखीत होता; चित्रपटांतील कंठास अद्याप ओळखीत नव्हता.

किती घेतलें म्हणजे चोरी, हा राजशेखराचा जुना प्रश्नहि न्यायालयांपुढें आला. अमेरिकेंत २००५ सालीं एका अपील-न्यायालयानें ठरविलें कीं, मुद्रित ध्वनीचा दोन सेकंदांचा तुकडाहि परवान्यावांचून घेतां येणार नाहीं. २०१६ सालीं दुसऱ्या अपील-न्यायालयानें, एका सेकंदाच्या चतुर्थांशाहूनहि लहान असलेला वाद्यध्वनि घेणें ही नगण्य बाब मानिली. एकाच देशांत दोन मापें झालीं. पद, चरण आणि अर्धा श्लोक यांचा भेद करणाऱ्या मीमांसकाला याचें आश्चर्य वाटलें नसतें.

भारतांत ध्वनिमुद्रिकेचा हक्क आतां प्रकाशनानंतर साठ वर्षें चालतो. कवि आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षें. खाडिलकर १९४८ सालीं आणि टेंबे १९५५ सालीं निवर्तले. त्यामुळें 'मानापमाना'चीं पदें व चाली, तसेंच अब्दुल करीमखांसाहेबांच्या आणि तरुण बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या, आज सर्वांसाठीं मोकळ्या आहेत. कोणीहि त्यांतील एखादी तान उचलून नव्या गीतांत गुंफावी; त्यासाठीं दाम मोजावा लागणार नाहीं.

पण दाम संपला म्हणून ऋण संपत नाहीं. सर्वसेनाचें काव्य लोपलें तरी सर्वसेन उरला, तो कोणा कायद्यामुळें नव्हे, तर एका ग्रंथकारानें त्याचें नांव लिहून ठेवलें म्हणून. नाटकाच्या पुस्तकांतील 'चाल' हा लहानसा शब्दहि तेंच काम करीत होता. नव्या गीताच्या माथ्यावर तसा एक शब्द, आणि त्यापुढें गाणाऱ्याचें नांव, घालण्यास कोणतेंहि यंत्र आड येत नाहीं.