'खाक्या दाखवताच' मिळालेली कबुली

'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' हे वाक्य मी वीस वर्षांत किती वेळा लिहिलं, मोजदाद नाही. ठाण्यातून प्रेसनोट यायची, मी टाइप करायचो, झालं. खाक्या म्हणजे नेमकं काय, हे ना मी विचारलं, ना तुम्ही वाचणाऱ्यांनी.

आता गंमत बघा. पोलिसांसमोर दिलेली ही कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. नियम १८६१ चा आहे, आणि केला कुणी? इंग्रज सरकारने. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल आला होता. साऱ्यासाठी रयतेला ओणवं बांधून उन्हात ठेवणं, लाकडी शिकंज्यात बोटं दाबणं, डोळ्यांत मिरची घालणं आणि गुन्हा कबूल करवून घ्यायलाही तसलेच प्रकार. सगळं कागदावर आलं. (दोष देशी शिपाई-कारकुनांवर, साहेब मंडळी नामानिराळी! ते असो.)

१८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम कलम २५ झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये आहे. कबुली द्यायचीच तर मॅजिस्ट्रेटसमोर. तीही, 'तुझ्यावर सक्ती नाही, पण बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल' हे त्यांनी आधी समजावल्यावर.

फटी आहेतच. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं पुराव्यात चालतं. म्हणून तर प्रत्येक केसमध्ये कोयता आरोपीच 'काढून देतो'. आणि १९९९ च्या मोक्कात एसपी किंवा वरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुलीही चालते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ज्या कारणाने दार बंद केलं, तेच आपण अर्धवट उघडून ठेवलंय.

हे सगळं मी डिप्लोमाला शिकलो होतो. तरी लिहीतच राहिलो.

काही वर्षांपूर्वी एक बाई ऑफिसात आल्या. हातात माझ्याच बातमीचं कात्रण, घडी पडून फाटलेलं. चोरीच्या केसमध्ये 'कबुली' दिलेला त्यांचा मुलगा चार वर्षांनी निर्दोष सुटला होता. म्हणाल्या, "भाऊ, सुटल्याचंबी छापा की. पोरीकडचे लोक ह्योच कागद दाखवत्यात."

मी म्हटलं, "छापतो मावशी."

अटकेची बातमी तीन कॉलम होती. सुटकेची आतल्या पानावर आली, टेंडर नोटिशीच्या खाली. चार ओळी.