चौथा

ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या २००० सालच्या मोसमाचा अंतिम तक्ता उघडला की वरची चार नावं अशी दिसतात : ब्राझीलचा अंतोनिओ पिझोनिया, दक्षिण आफ्रिकेचा टोमस शेक्टर, जपानचा ताकुमा सातो, आणि चौथ्या ओळीत भारताचा नारायण कार्तिकेयन.

माझं रोजचं काम सर्व्हरच्या लॉग फाइल वाचण्याचं. अमुक वाजता काय झालं, त्यानंतर काय झालं, आणि मधे काय राहिलं. हीच सवय शर्यतींच्या जुन्या निकालांनाही लागली आहे. म्हणून या चौघांचं पुढे काय झालं ते बघत गेलो. सातो २००२ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचला. पिझोनिया २००३ मध्ये. शेक्टर पोचलाच नाही; त्याचे वडील जोडी शेक्टर १९७९चे विश्वविजेते, तरीही नाही. नारायण पोचला २००५ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी.

आधीच्या वर्षाचा, म्हणजे १९९९चा तक्ता तर आणखी चक्रावणारा आहे. पहिला मार्क हाइन्स, दुसरा लुसियानो बुर्ती, तिसरा जेन्सन बटन, सहावा नारायण. तिसरा आलेला बटन थेट पुढच्याच वर्षी विल्यम्सच्या फॉर्म्युला वन गाडीत बसला आणि २००९ मध्ये विश्वविजेता झाला. विजेता ठरलेला हाइन्स मात्र फॉर्म्युला वनची एकही शर्यत खेळला नाही.

म्हणजे हा जिना सरळ नाही. वरची पायरी खालच्या पायरीवरच्या नंबरावरून मिळत नाही. मग कशावरून मिळते? नारायणची गोष्ट मला या प्रश्नासाठी महत्त्वाची वाटते. 'पहिला भारतीय' या दोन शब्दांत ती संपवण्याची आपल्याला घाई असते, आणि त्यात त्या पाच वर्षांचा हिशोब राहून जातो.

सुरुवात कोईम्बतूरपासून करायला हवी. कापडगिरण्या, मोटारपंप आणि फाउंड्री यांचं हे गाव. इथे यंत्र उघडून बघणं हा छंद नसून पोटापाण्याचा भाग होता. लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातल्या एस. करिवर्धन यांना शर्यतींचं वेड होतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक साधी, स्वस्त रेसिंग गाडी तयार केली : एकच सीट, उघडी चाकं, आणि पाठीमागे मारुती ८००चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. तेच इंजिन, जे तेव्हा तुमच्या-माझ्या काका-मामांच्या गाडीत होतं. नाव, फॉर्म्युला मारुती.

यातली अक्कल मला आजही थक्क करते. परदेशातून रेसिंग गाडी आणायची तर आयात शुल्क, परकीय चलनाची परवानगी आणि बिघडली की सुट्या भागांची वाट बघत महिनोन्महिने थांबणं. मारुतीचे भाग मात्र कुठल्याही गॅरेजात मिळत. शिवाय सगळ्यांच्या गाड्या सारख्याच, म्हणजे जिंकला तो ड्रायव्हर. आज आपण ज्याला एंट्री लेव्हल म्हणतो, ती पायरीच देशात नव्हती. ती एका माणसाने वेल्डिंग करून बनवली.

मद्रासकडे शर्यतींची परंपरा आधीपासून होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३चा. दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती होत, प्रेक्षकांची झुंबड उडे. १९९०मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक झाला. नारायणने पहिली शर्यत याच ट्रॅकवर फॉर्म्युला मारुतीत खेळली आणि पहिल्याच खेपेला पोडियमवर आला. घरात हे वारं होतंच, वडील जी. आर. कार्तिकेयन हे रॅली चालवणारे, साउथ इंडिया रॅली सात वेळा जिंकलेले.

१९९२ मध्ये १५ वर्षांचा नारायण फ्रान्समधल्या विनफील्ड रेसिंग स्कूलमध्ये गेला. तारीख जरा नीट बघा. १९९१मध्ये देशाकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं आणि सोनं गहाण पडलं होतं. त्यानंतर वर्षभरात एक पोरगा फ्रान्सला गाडी चालवायला शिकायला जातो, हे तेव्हाच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात अशक्य होतं. घरची सुबत्ता हा या गोष्टीचा भाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण सुबत्ता ही फक्त आत शिरायची फी. विनफील्डच्या स्पर्धेत तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढच्या वर्षी परत फॉर्म्युला मारुती, आणि जोडीला ब्रिटनमध्ये फॉर्म्युला वॉक्सहॉल ज्युनियर.

१९९४ला ब्रिटनमध्ये फॉर्म्युला फोर्ड. या गाडीला पंख नसतात. पंख म्हणजे मागे-पुढे लावलेल्या त्या आडव्या पट्ट्या, ज्यांच्यामुळे वेगात हवा गाडीला खाली दाबते आणि टायर रस्त्याला चिकटून राहतात. पंख नाहीत म्हणजे वळणावर गाडी घसरणार, आणि सावरायचं फक्त हातांनी आणि पायांनी. तिथल्या हिवाळी मालिकेचं विजेतेपद नारायणने मिळवलं. युरोपात असं विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय.

पुढच्या वर्षी तो आशियात परतला. १९९५मध्ये फॉर्म्युला एशियाच्या काही शर्यती, १९९६मध्ये पूर्ण मोसम आणि विजेतेपद. ते मिळवणारा तो पहिला भारतीयच नाही तर पहिला आशियाई. तोवर आशियाच्या नावाची ही मालिका आशियाबाहेरचे लोकच जिंकत होते, ही गंमत इथे नोंदवून ठेवतो. याच काळात, १९९५मध्ये, करिवर्धन विमान अपघातात गेले. आपल्या मारुती इंजिनाच्या गाडीतून सुरुवात केलेला मुलगा कुठवर गेला, हे त्यांना बघायला मिळालं नाही.

आता फॉर्म्युला थ्री. त्या काळी ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीला फार मोठा मान होता. सेना, पिके, हॅकिनेन हे सगळे तिथून वर गेलेले. गाडीत दोन लिटरचं इंजिन, रस्त्यावरच्या गाडीच्या ब्लॉकवरून बनवलेलं; पण हवा आत घ्यायला फक्त २६ मिलिमीटरचं एकच भोक. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कितीही दणकट घ्या, रेट लिमिट ठरलेलं. त्यामुळे ताकद दोनशे हॉर्सपॉवरच्या थोडी वर जाऊन थांबते. ताकद कमी आणि पकड भरपूर अशा गाडीत एखादं वळण चुकलं तर गमावलेला वेग इंजिन भरून देत नाही. पुढची अख्खी सरळ रेघ तुम्ही ती चूक ओढत नेता. म्हणून फॉर्म्युला वनचे मालक इथले निकाल इतक्या बारकाईने बघत.

१९९८मध्ये नारायण कार्लिन या तेव्हाच्या नवख्या टीमकडून आला. मोसमातल्या फक्त १० फेऱ्या खेळला. शेवटी शेवटी स्पा आणि सिल्व्हरस्टोनला तिसरा आला, एकूण १२वा. १९९९मध्ये ब्रँड्स हॅचला दोन विजय. कार्लिन पुढे ज्युनियर शर्यतींतली बलाढ्य टीम झाली, पण तिचा फॉर्म्युला थ्रीतला पहिला विजय कोईम्बतूरच्या या मुलाने मिळवून दिलेला आहे. २०००मध्ये स्टुअर्ट रेसिंगकडून तो चौथा. त्याच वर्षी मकावच्या रस्त्यांवरच्या प्रतिष्ठेच्या शर्यतीत त्याने पोल पोझिशन घेतली. त्या ट्रॅकवर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि दोन्हीकडे भिंतीच भिंती. शर्यत जिंकली मकावच्याच आंद्रे कुतोने. मग नारायणने कोरिया सुपर प्रिक्स जिंकली.

या टप्प्यावर वेग हा त्याचा प्रश्न नव्हताच. मग पाच वर्षं का लागली?

इतरांकडे काय होतं ते बघू. सातो होंडाच्या सुझुका रेसिंग स्कूलमधून आलेला. २००१मध्ये तो ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकला आणि २००२मध्ये होंडाचंच इंजिन असलेल्या जॉर्डनमध्ये बसला. बटनने १९९८मध्ये ब्रिटनमधला तरुण ड्रायव्हरांचा मोठा पुरस्कार मिळवला होता, आणि बक्षीस म्हणून मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी चालवायला मिळाली होती. या दोघांच्या मागे कारखाने, शाळा, पुरस्कार अशी एक रचना उभी होती. नारायणच्या मागे घर आणि प्रायोजक शोधणं. शिवाय प्रामाणिकपणे सांगायचं तर बटन फॉर्म्युला थ्रीत आला तेव्हा १९ वर्षांचा होता, नारायण २२. या धंद्यात तीन वर्षांचा फरक मोठा मानतात, आणि त्यात चूक नाही. पण ती तीन वर्षं कुठे गेली? देशात कार्टिंगचे ट्रॅक नव्हते, अशा जागी गेली. बटन आठ वर्षांचा असताना कार्टिंग करत होता.

आणि पैसा. फॉर्म्युला थ्रीच्या एका मोसमाला काही लाख पौंड लागत, आणि तेव्हा एक पौंड ६५-७० रुपयांचा. प्रत्येक वर्षी ही रक्कम नव्याने उभी करायची, कारण मागच्या वर्षीची शर्यतीसोबत धुरात गेलेली असते.

१४ जून २००१ रोजी सिल्व्हरस्टोनला त्याने जॅग्वारची फॉर्म्युला वन गाडी चालवली. फॉर्म्युला वन गाडीची चाचणी घेणारा पहिला भारतीय. त्याच वर्षी जॉर्डनबरोबरही चाचण्या झाल्या. जागा मिळाली नाही. तो वर्षभर जपानमध्ये फॉर्म्युला निप्पॉन खेळला, पुढची तीन वर्षं निस्सानच्या वर्ल्ड सीरीजमध्ये. २००२मध्ये टीमच्या नावातच टाटा होतं. २००३मध्ये दोन विजय आणि एकूण क्रमवारीत, अर्थातच, चौथा. त्यानंतर मिनार्डीने २००४साठी जागा देऊ केली; प्रायोजकांचा पैसा जमला नाही. मला सगळ्यात जास्त लागते ती ही ओळ. दार उघडलेलं आहे, माणूस उंबऱ्यावर उभा आहे, आणि तिकिटाला सुटे कमी पडतात.

१ फेब्रुवारी २००५ला जॉर्डनशी करार जाहीर झाला. गाडीवर टाटाचं नाव होतं. लगेच शिक्का बसला : पैसे भरून बसलेला ड्रायव्हर.

या शिक्क्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. निकी लाउडाने बँकेचं कर्ज काढून जागा विकत घेतली होती. १९९१मध्ये मायकेल शूमाकर पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो याच जॉर्डनच्या गाडीतून, आणि त्या जागेसाठी मर्सिडीजने पैसे मोजले होते. या जिन्यावर प्रत्येकाचे पैसे कोणीतरी भरतंच. कारखान्याने भरले तर त्याला हिरा ओळखणं म्हणतात, भारतीय कंपनीने भरले तर वशिला. फरक असेल तर तो पैसे मिळाल्यानंतर गाडीत काय केलं यात शोधावा.

मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत तो ग्रिडवर १२वा होता. गाडी रांगेत जवळजवळ शेवटची, तरी १२वा. शर्यत १५व्या स्थानावर संपली. बाकी मोसम मागच्या रांगेतच गेला, कारण ती जॉर्डन तिथलीच होती.

आणि मग १९ जून २००५, इंडियानापोलिस. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरची गाडी १३व्या वळणावर आदळली. तिथे रस्ता तिरका, भिंतीकडे उंच होत गेलेला. त्या ताणाखाली मिशेलिनचे टायर टिकत नव्हते. तोडगा निघाला नाही. रविवारी फॉर्मेशन लॅप संपता संपता मिशेलिनच्या १४ गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळल्या, आणि ग्रिडवर ब्रिजस्टोनच्या सहा उरल्या : दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. शूमाकर पहिला, बारिकेलो दुसरा, नारायणचा जोडीदार तियागो मोंतेरो तिसरा. नारायण चौथा, पाच गुण.

मी ती शर्यत यूट्यूबवर दोनदा पाहिली आहे. त्या पाच गुणांना लोक हसतात. सहाच गाड्या होत्या, हे खरंच. पण त्या दिवशी जॉर्डनला जितकं करता येण्यासारखं होतं, त्यात फक्त एकच माणूस त्याच्या पुढे होता, तो त्याच्याच टीमचा. माझ्या मते हळहळ करायचीच असेल तर ती २००४च्या रिकाम्या जागेची करावी.

पुढचं थोडक्यात. २००६मध्ये विल्यम्सचा चाचणी ड्रायव्हर. मग २०११ आणि २०१२मध्ये स्पेनच्या एचआरटीकडून पुन्हा शर्यती. ३० ऑक्टोबर २०११ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली, त्यात तो १७वा आला. दुसरा भारतीय, करुण चंढोक, याच्या वाट्याला त्या आठवड्यात फक्त शुक्रवारचं सराव सत्र आलं. चंढोकला कारकिर्दीत गुण मिळाला नाही.

कोईम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला २००३मध्ये नवा ट्रॅक उघडला, त्याला करिवर्धन यांच्या नावावरून करी मोटर स्पीडवे म्हणतात. तिथून खूप मुलं पुढे आली. मुंबईचा जेहान दारूवाला मात्र वेगळ्या वाटेने आला : २०११च्या फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडलेला, लहानपणापासून कार्टिंग केलेला, वेळेत युरोपात पोचलेला. म्हणजे नारायणकडे नव्हतं ते बरंचसं त्याच्याकडे होतं. तोही कार्लिनकडून चालवला. २०१९मध्ये एफआयए फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला, पुढे फॉर्म्युला टूमध्ये चार शर्यती जिंकला, रेड बुलच्या ज्युनियर पथकात राहिला, मॅक्लारेनच्या गाडीतून चाचणीही दिली. २०२४ला तो फॉर्म्युला ईमध्ये गेला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीची जागा त्यालाही मिळाली नाही, आणि भारतीयाच्या नावावर फॉर्म्युला वनचे गुण अजून तेच आहेत, इंडियानापोलिसचे पाच.