यंत्राजवळचा दिवा

उज्जयिनीच्या हरसिद्धी मंदिरासमोर मराठेशाहीतील दोन दीपमाळा उभ्या आहेत. नवरात्रात त्यांवरील शेकडो दिवे उजळले म्हणजे सारे आवार लखलखू लागते. तो प्रकाश डोळे भरून पाहावयाचा असतो. परंतु याच नगरीने दुसऱ्याही एका प्रकारचा दिवा जवळ केला. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्याच्या उजेडात काम मात्र होते. तो म्हणजे कारखान्यातील यंत्राजवळचा दिवा.

१८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेले हे शहर विसाव्या शतकात कापडगिरण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. नजरअली, विनोद, हिरा ही त्या गिरण्यांची नावे. आज त्या बंद आहेत. गिरणी म्हटली म्हणजे झिजलेले दांडे व चाके दुरुस्त करणारा लेथ आलाच, आणि लेथ आला म्हणजे त्याचा दिवाही आला. छपराच्या दिव्याचा उजेड वाकलेल्या कारागिराच्या स्वतःच्याच सावलीने अडतो. म्हणून दिवा वाकत्या दांड्यावर बसवून थेट हत्याराच्या टोकाशी आणावा लागला.

दिवा हातापाशी आला, तसा धोकाही हातापाशी आला. लोखंडी यंत्र, त्यावर वाहणारे पाणी, घामेजलेला तळवा आणि तारेवर उडणारा तापलेला कीस. अशा जागी २३० व्होल्टची एक उघडी तार प्राण घेण्यास पुरेशी होय. यावर उपाय निघाला तो असा : रोहित्र बसवून विजेचा दाब २४ व्होल्टच्या आसपास उतरवावयाचा. त्या दिव्याचा तंतू जाड व आखूड असल्याने यंत्राची थरथरही तो सोशी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६-अ कलमातही हाच विवेक दिसत असे. टाकीसारख्या बंदिस्त जागेत, सुरक्षिततेची पुरेशी साधने नसल्यास, २४ व्होल्टहून अधिक दाबाचा हातदिवा वापरण्यास त्याने मनाई केली होती.

या दिव्याचा दोष एकच. त्याची नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाई. १९६२ साली निक होलोन्याक यांनी लाल प्रकाशाचा एलईडी सिद्ध केला. पुढे आकासाकी, अमानो व नाकामुरा यांनी निळा एलईडी साधला आणि त्यातून पांढऱ्या उजेडाची वाट खुली झाली. त्याबद्दल त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ पासून उजाला योजनेने हे दिवे भारतात घरोघर नेले. लेथवरचा जुना दिवा बदलण्याची वेळ आली ती अशी.

हा बदल इष्टच आहे. पण तो डोळसपणे व्हावयास हवा. रोहित्रातून येणारी वीज प्रत्यावर्ती असते. तिचे २४ व्होल्ट क्षणोक्षणी ३४ पर्यंत चढतात, आणि केवळ बॅटरीसाठी घडविलेला एलईडी तेथे जळून जातो. दुसरा धोका अधिक फसवा आहे. तापलेला तंतू क्षणात निवत नाही. साधा एलईडी मात्र सेकंदाला शंभर वेळा विझतो. मिनिटाला २००० फेरे घेणारा तीन जबड्यांचा चक अशा उजेडात स्थिर उभा दिसू शकतो, आणि थांबला असे समजून त्याकडे हात जातो. म्हणून न लुकलुकणारा आणि प्रत्यावर्ती विजेवर चालणाराच दिवा निवडावा लागतो.

तिसरी चूक सर्वांत मोठी. जुना दिवा गेला, आता रोहित्र कशाला, असे म्हणून २३० व्होल्टची तार पुन्हा यंत्रावर आणावयाची! ते रोहित्र दिव्यासाठी कधीच नव्हते. ते कारागिराच्या हातासाठी होते. दिवा बदलला, हात तोच आहे.