ओर्स्टेडची सूची : यदृच्छा कीं तपश्चर्या ?

मोठे शोध अपघातानें लागतात, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. न्यूटनच्या सफरचंदाप्रमाणें कोपनहेगन येथील अध्यापक हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड याच्या चुंबकसूचीचीही गोष्ट सांगतात. १८२० सालीं व्याख्यान चालू असतां विजेच्या तारेजवळ होकायंत्र सहज पडलें होतें. सूची हलली, आणि वीज व चुंबकत्व यांचें नातें जगास कळलें! ही गोष्ट कितपत खरी ?

प्रसंगाच्या दोन हकीकती उपलब्ध आहेत. १८५७ सालीं, म्हणजे ओर्स्टेडच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं, नॉर्वेच्या हान्स्टीननें फॅरडेस लिहिलेल्या पत्रांत शोधाचें श्रेय यदृच्छेस दिलें. उलट, ओर्स्टेड स्वतः सांगतो कीं, प्रयोग आधींच योजिला होता; तो करून पाहण्यास वेळ मात्र मिळाला नव्हता. बोलतां बोलतां तो साधेल असें वाटलें, म्हणून श्रोत्यांसमोरच केला.

आम्हांस ओर्स्टेडचा पक्ष सबळ वाटतो. विजेचा चुंबकावर परिणाम होतो कीं काय, हें तपासावें असें त्यानें १८१२ सालच्या ग्रंथांतच सुचविलें होतें. शिवाय व्होल्टाची बॅटरी १८०० सालापासून विद्वानांच्या हातीं होती. तिच्या शेजारीं होकायंत्र असण्याचा योग त्या वीस वर्षांत अनेकदां आला असेल. पण सूचीकडे पाहण्याचें कारण ज्याच्या मनांत होतें, त्यालाच ती दिसली.

त्या दिवशीं सूची हलली ती किंचितच. श्रोत्यांवर छाप पडली नाहीं. जुलैंत ओर्स्टेडनें अधिक जोरदार बॅटरी घेऊन पुन्हा प्रयोग मांडले. तारेखालीं ठेवलेली सूची एका बाजूस वळे, तारेवर ठेवलेली विरुद्ध बाजूस. तार तिला ओढीतही नव्हती, लोटीतही नव्हती. आडवी फिरवीत होती. तोंवर शास्त्रज्ञांस ठाऊक असलेले जोर दोन पदार्थांस जोडणाऱ्या सरळ रेषेंत चालत. हा मात्र तारेभोंवतीं वर्तुळाकार होता. २१ जुलै १८२० रोजीं त्यानें चार पानांचें लॅटिन पत्रक काढलें. ११ सप्टेंबरला आरागोनें पॅरिसच्या अकादमीपुढें तो प्रयोग करून दाखविला, आणि आठवड्याच्या आंत आंपेअर आपला निबंध घेऊन उभा राहिला. पुढें १८३१ सालीं फॅरडेनें उलट मार्ग काढून चुंबकापासून वीज मिळविली. आपल्या घरांतील पंखा याच वंशांतला.

यदृच्छेचा वाटा मुळींच नव्हता, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मुलांस केवळ अपघाताची गोष्ट सांगितली, तर तीं दैवाची वाट पाहत बसतील. त्यांस आधींचीं आठ वर्षें आणि नंतरचा जुलै महिनाही सांगितला पाहिजे.