कधीच न आलेली पहिली आवृत्ती: डेबियनला खेळण्यांची नावे का मिळाली?

१/ डेबियन या संगणकप्रणालीच्या आवृत्त्यांची यादी वाचताना एक जागा रिकामी दिसते. १९९५च्या अखेरीपर्यंत ०.९३ या मालिकेतील आवृत्त्या येत होत्या आणि जून १९९६ मध्ये एकदम १.१ आली. १.० कधीच आली नाही. या रिकाम्या जागेनंतर मात्र डेबियनच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीला एका खेळण्याचे नाव मिळत गेले. त्या नामकरणाचा हा इतिहास.

२/ १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने डेबियनची घोषणा केली. प्रेयसी डेब्रा आणि इयन या दोन नावांची संधी करून हा शब्द तयार झाला. लिनक्स हा केवळ गाभा होता. त्याच्याभोवती शेकडो लेखकांनी लिहिलेले प्रोग्राम नीट जुळवून एक वापरण्याजोगी प्रणाली उभी करणे, हे डेबियनचे उद्दिष्ट होते.

३/ काम करणारे सारे स्वयंसेवक. प्रत्येकाने काही पॅकेजांची जबाबदारी उचललेली. पूर्ण झालेले काम आणि अर्धवट काम, दोन्ही इंटरनेटवरील एकाच सार्वजनिक संग्रहात सर्वांसमोर खुले असे. कोणीही यावे, पाहावे, चाचणी करावी, दोष कळवावेत. हा मोकळेपणा डेबियनचे बळ होता. पहिली नामुष्कीही त्याच वाटेने आली.

४/ तो मोडेमचा काळ होता. संपूर्ण प्रणाली टेलिफोनच्या तारेवरून उतरवून घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून काही कंपन्या असे मुक्त सॉफ्टवेअर सीडींवर भरून विकत. यात गैर काहीच नव्हते. परवाना तशी मुभा देत होता आणि डेबियनलाही हा प्रसार हवाच होता.

५/ १९९५च्या अखेरीस अशाच एका कंपनीने संग्रहातील पुढच्या आवृत्तीचे चालू काम उचलले आणि 'डेबियन १.०' म्हणून सीडीवर विकले. डेबियनच्या स्वयंसेवकांनी मात्र १.० अद्याप प्रकाशितच केली नव्हती. बाळ जन्मण्याआधीच त्याचे बारसे परस्पर उरकले गेले होते.

६/ वेळही नेमकी वाईट साधली गेली. त्या दिवसांत प्रोग्रामच्या फायलींची अंतर्गत रचना बदलण्याचे काम सुरू होते. 'ए.आउट' ही जुनी पद्धत सोडून 'एल्फ' ही नवी पद्धत स्वीकारली जात होती. सीडीवर गेलेली प्रणाली अर्धी जुनी, अर्धी नवी होती. ती संगणकावर धड सुरू होईल याचीही खात्री नव्हती.

७/ ११ डिसेंबर १९९५ रोजी डेबियन आणि त्या कंपनीने संयुक्त निवेदन काढून चूक जाहीर केली. पण इंटरनेटवरील फाईल बदलता येते, विकलेली सीडी परत बोलावता येत नाही. ज्याच्या घरी ती पोहोचली, त्याच्या दृष्टीने डेबियनची पहिली आवृत्ती हीच, आणि ती मोडकी. पगार नाही, जाहिरात नाही, अशा प्रकल्पाजवळ विश्वासार्हतेखेरीज दुसरे भांडवल कोणते?

८/ अखेर १.० या क्रमांकावर पाणी सोडायचे ठरले. खरी आवृत्ती १.१ या क्रमांकाने येईल, असे जाहीर झाले. दोन वेगळ्या वस्तूंना एकच क्रमांक राहिला असता, तर कोणाच्या तक्रारीचा संबंध कशाशी आहे हे सांगणेही अशक्य झाले असते.

९/ म्हातारी मेल्याचे दुःख नव्हते, काळ सोकावण्याची भीती होती. उद्या दुसरा विक्रेता हीच चूक करू शकत होता, कारण चुकीचे मूळ नामकरणातच होते. अपुऱ्या कामावर '१.०' अशी चिठ्ठी लावली, की पाहणारा ते तयार समजणारच. क्रमांक ही वस्तू पूर्ण झाल्याची ग्वाही असते, आणि ती ग्वाही काम संपण्यापूर्वीच दिली जात होती.

१०/ मग तयार होईपर्यंत फोल्डरला नुसते 'अस्थिर' म्हणावे आणि प्रकाशनाच्या दिवशी त्याचे 'स्थिर' असे नाव बदलावे, हा उपाय का पुरेसा नव्हता? कारण डेबियनचा संग्रह एकाच ठिकाणी नव्हता. जगभरातील अनेक सर्व्हर त्याच्या हुबेहूब प्रती ठेवत. त्यांना 'मिरर' म्हणतात.

११/ मूळ ठिकाणी फोल्डरचे नाव बदलले, की मिररला वाटे, जुने फोल्डर नाहीसे झाले आणि अगदी नवे आले. मग तो सगळा ऐवज पुन्हा पहिल्यापासून उतरवून घेई. एक अक्षरही न बदललेल्या फायली केवळ नावापायी त्या काळच्या मंद तारांवरून पुन्हा वाहून न्याव्या लागत.

१२/ दोन्ही अडचणींवर एकच तोड निघाली. फोल्डरला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच टोपणनाव द्यायचे, जे काम पूर्ण आहे की अपूर्ण याविषयी काहीच बोलणार नाही. 'स्थिर' आणि 'अस्थिर' या फक्त दारावरच्या पाट्या. प्रकाशनाच्या दिवशी पाटी या दारावरून त्या दारावर जाते. घरातले सामान जागचे हलत नाही. अंतिम क्रमांक मिळतो तो प्रकाशनाच्या वेळी.

१३/ नावे कोठून आणायची? १९९६ मध्ये मर्डॉककडून प्रकल्पाचे नेतृत्व ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आले. ते पिक्सार या चित्रपटसंस्थेत नोकरीला होते. पिक्सारचा 'टॉय स्टोरी' नोव्हेंबर १९९५ मध्येच पडद्यावर आला होता. नावांचा पेटारा हाताशीच होता.

१४/ १७ जून १९९६ रोजी डेबियन १.१ प्रकाशित झाली. टोपणनाव 'बझ', म्हणजे चित्रपटातला अंतराळवीर. तिच्यात ४७४ पॅकेजे होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'रेक्स' हा डायनासोर, १९९७ मध्ये 'बो' ही मेंढपाळ मुलगी आणि १९९८ मध्ये 'हॅम' ही डुकराच्या आकाराची गल्लापेटी आली. हॅमपर्यंत पॅकेजांची संख्या दीड हजारांवर गेली होती.

१५/ सर्वांत मार्मिक नाव 'सिड'चे. चित्रपटात सिड हा शेजारचा खेळणी मोडणारा मुलगा. डेबियनमध्ये सिड म्हणजे कायमची अस्थिर शाखा. नवी पॅकेजे आधी येथे येतात आणि तावूनसुलाखून पुढे सरकतात. सिड स्वतः कधीच प्रकाशित होत नाही. धोक्याची सूचना देणारे याहून नेमके नाव शोधूनही सापडले नसते.

१६/ या पद्धतीत एक उणीव आहे. रेक्स आधीची की बो, हे नावावरून उमगत नाही. नवख्याला यादी पाठ करावी लागते. उबंटू या डेबियनवरच उभ्या राहिलेल्या प्रणालीने २००४ पासून वेगळी वाट धरली. ऑक्टोबर २००४ मधली आवृत्ती ४.१०, म्हणजे क्रमांकातच वर्ष आणि महिना, जोडीला एखाद्या प्राण्याचे टोपणनाव.

१७/ पण एप्रिल २००६ साठी ठरलेली 'डॅपर ड्रेक' सहा आठवडे लांबली आणि जूनमध्ये आली. ६.०४ हा नियोजित क्रमांक बदलून ६.०६ झाला. टोपणनाव मात्र तेच राहिले. काम सुरू असताना क्रमांकावर विसंबता येत नाही, हा डेबियनचा १९९५ मधला धडा तेथेही खरा ठरला.

१८/ कालांतराने या खेळण्यांच्या नावांना आठवणी चिकटल्या. ऑगस्ट २००० मधली 'पोटॅटो' ही आवृत्ती जोएल क्लेकर याच्या स्मृतीला अर्पण केली गेली. प्रकाशनाच्या महिनाभर आधी, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी तो गेला. स्नायूंच्या असाध्य विकाराने तो अंथरुणाला खिळलेला होता आणि तशाच अवस्थेत डेबियनसाठी राबत होता, हे बहुतेक सहकाऱ्यांना तो गेल्यावरच कळले.

१९/ डिसेंबर २०१५ मध्ये इयन मर्डॉकचे निधन झाले. पुढची आवृत्ती 'स्ट्रेच' त्याला अर्पण केली गेली. ती प्रकाशित झाली १७ जून २०१७ रोजी, बझनंतर बरोबर २१ वर्षांनी, त्याच तारखेला.

२०/ पेरेन्स यांनी नेतृत्व केव्हाच सोडले, पण प्रथा चालू राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली १३ क्रमांकाची आवृत्ती 'ट्रिक्सी' हेही त्याच मालिकेतले खेळणे आहे. यादीतली १.० ची जागा मात्र अजून तशीच मोकळी आहे. त्या नावाची सीडी विकली गेली होती. त्या नावाची डेबियन आवृत्ती कधीच झाली नाही.

#इतिहास #संगणकाचा_इतिहास #मराठी