वार्तेची वर्गणी

वार्ता ही फुकट मिळणारी वस्तु नव्हे. ती कोणी तरी गोळा करावी लागते, कोणी तरी वाहून आणावी लागते, आणि त्या श्रमांचें मोल कोणी तरी द्यावें लागतें. हें मोल कोण देतो, यावर वार्तेचें रूप पुष्कळसें अवलंबून असतें. सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या वाटेवर कुंभारी हें गांव आहे. विडी कामगारांच्या मोठ्या वसाहती तेथें वसल्या आहेत. इंटरनेटचे पैसे भरून मोबाईलवर घडत्या घटना पाहण्याची सोय आज अशा वसाहतींपर्यंत पोहोंचली आहे. ही सोय नवी आहे. वार्तेसाठीं वर्गणी देण्याची रीत मात्र जुनी आहे.

'केसरी' १८८१ सालीं निघाला. त्या काळीं वर्गणीदार पैसे पाठवी आणि टपालानें अंक घरीं येई. अंक एकाचा असे, वाचणारे अनेक असत, आणि ऐकणारे त्याहून अधिक असत. बातमी शिळी होऊन येई हें खरें. परंतु पैसे घेणारा आणि मजकुराची जबाबदारी वाहणारा एकच असे, व ती जबाबदारी केव्हां केव्हां फार महाग पडे. मे १९३० मध्यें गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरांत प्रक्षोभ उसळला, गोळीबार झाला, आणि १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारण्यांत आला. त्या दिवसांत 'कर्मयोगी' पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना शिक्षा भोगावी लागली. पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यास फांशी देण्यांत आली.

याच सुमारास वार्तेचें दुसरें वाहन देशांत आलें होतें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. तें एका खाजगी कंपनीचें होतें. यंत्र बाळगणारानें वर्षाला दहा रुपये परवाना-शुल्क भरावें, आणि त्याचा मोठा हिस्सा कंपनीस मिळावा, अशी योजना होती. परवाने थोडे निघाले, कंपनी बुडाली, आणि एप्रिल १९३० मध्यें सरकारनें ध्वनिक्षेपण आपल्या हातीं घेतलें. पुढच्याच महिन्यांत सोलापुरांत लष्करी कायदा आला. वर्गणी श्रोता देई; काय ऐकवावें हें सरकार ठरवी. हें परवाना-शुल्क स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षें चाललें, आणि १९८० नंतरच्या दशकांत तें रद्द झालें.

श्रोत्यांनीं पैसे द्यावे आणि निवडही श्रोत्यांनींच करावी, असें कोठें घडलें काय? घडलें, आणि तें तंबाखूच्याच धंद्यांत घडलें. क्यूबा देशांतील हवाना शहरीं १८६५ सालीं सिगार वळणाऱ्या कामगारांनीं आपल्या मजुरींतून पैसे काढून एक वाचक नेमला. हात कामांत गुंतलेले असत, कान मोकळे असत. वाचक उंच आसनावर बसून वर्तमानपत्रें व ग्रंथ मोठ्यानें वाची. तेथील राज्यकर्त्यांना या वाचनाची इतकी धास्ती वाटली कीं दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं त्यावर बंदी घातली. आपल्या देशांत केरळांतील कण्णूरकडच्या विडी कामगारांत अशीच चाल पडली होती. एकानें वर्तमानपत्र वाचावें, आणि तेवढ्या वेळांत त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनीं वळून द्याव्या. वर्गणी पैशानें नव्हे, विड्यांनीं दिली जाई. एवढी चोख वर्गणी कोणत्याही पत्रास क्वचितच लाभली असेल.

सोलापुरांत विड्या बहुतेक घरोघरीं स्त्रियाच वळतात. टेंभुर्णीचें पान कापावें, तंबाखू भरावी, सूत गुंडाळावें आणि माल कारखान्यांत नेऊन द्यावा, असा हा क्रम. काम घरीं विखुरलेलें असल्यामुळें सर्वांनीं मिळून एक वाचक ठेवणें येथें सोपें नव्हतें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९९० नंतर केबलची तार घरोघर गेली आणि तिचें मासिक भाडें सुरू झालें. २००७ सालीं अहोरात्र मराठी बातम्या देणाऱ्या वाहिन्या निघाल्या. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झालें, आणि चित्रासह वार्ता खिशांत आली.

या वार्तेस 'थेट' म्हणतात. तो शब्द थोडा सैल आहे. चित्र लहान लहान तुकड्यांत कापून आवळलें जातें, आणि मोबाईल कांहीं तुकडे जमवून मगच दाखवूं लागतो. त्यामुळें घटना घडल्यावर कांहीं सेकंदांनीं, कधीं अर्ध्या मिनिटानें, ती पडद्यावर उमटते. या कामीं जुना रेडिओ अधिक चपळ होता. परंतु विलंबापेक्षां महत्त्वाचा फरक पैशाच्या वाटेचा आहे. ग्राहक पैसे भरतो ते मुख्यतः वहनासाठीं, किंवा ज्या मंचावर चित्रपट, क्रिकेट व बातम्या एकत्र विकल्या जातात त्या मंचास. फुकट दिसणाऱ्या बातम्यांचें मोल जाहिरातदार देतो. बातमी शोधणाऱ्या माणसाशीं वर्गणीदाराचा जुना सरळ संबंध फार क्वचित उरला आहे.

या फरकाची कसोटी कुंभारीनेंच पाहिली. तेथें विडी कामगार स्त्रियांसाठीं गोदूताई परुळेकर यांच्या नांवाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचें वितरण झालें. पुढें असंघटित कामगारांसाठीं रे नगर ही तीस हजार घरांची योजना निघाली. १९ जानेवारी २०२४ रोजीं तींतील पंधरा हजार घरें पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यांत आलीं. तो समारंभ देशभर घडतां घडतां पाहतां आला. ज्या गांवानें आजवर दुसऱ्यांच्या बातम्या ऐकल्या, तें गांव त्या दिवशीं स्वतः बातमी झालें.

समारंभ दिसला, त्यामागचीं वर्षें दिसलीं नाहींत. नरसय्या आडम यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं काढलेले मोर्चे, कामगारांनीं जमविलेला आपला वाटा, सरकारदरबारीं घातलेले खेटे, हें कोणत्याही थेट चित्रांत एका दुपारीं मावणारें नव्हे. तें सांगण्यास महिनोन् महिने मागोवा घेणारा बातमीदार लागतो, आणि त्याच्या पोटाची सोय कोणी तरी करावी लागते. हवानाच्या कामगारांना हें दीडशें वर्षांपूर्वीं उमगलें होतें. डोळ्यांसमोर घटना आणून देणाऱ्यास आज वर्गणी मिळते. तिचा अर्थ लावून देणाऱ्यास ती कोण देणार, हें वर्गणीदारानेंच ठरवावयाचें आहे.